मुतखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा: सोलापूरच्या एका माग कामगाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचं आहे. त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं अण्णा म्हणू. आमच्या दवाखान्यातले निम्मे पेशंट एकमेकांना तीच हाक मारतात.

अण्णांचं वय ४१, वजन ७४ किलो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. विशीपासून माग चालवतात. सध्या टॉवेलचे दोन माग त्यांच्याकडे आहेत. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, पुढचा आठवडा रात्रीची. मजुरी निघालेल्या मालावर, त्यामुळे माग जेवढा वेळ उभा राहील तेवढे पैसे गेले. कारखान्याला पत्र्याचं छत आहे. वाऱ्याने धागा सुकून तुटतो म्हणून खिडक्या बहुतेक बंदच असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा ४० च्या वर जातो, तेव्हा आत काय होत असेल ते मी एकदाच दुपारी तीनला जाऊन पाहिलं. पंधरा मिनिटांत माझा शर्ट अंगाला चिकटला होता.

पत्नी घरी विड्या वळतात. मोठा मुलगा अकरावीत, धाकटी मुलगी सातवीत.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना पहिला मुतखडा झाला होता. डाव्या बाजूचा ८ मिलिमीटरचा खडा एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने काढला, स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी तात्पुरती नळी) टाकला आणि तीन आठवड्यांनी तो काढूनही घेतला. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. घरी जाताना कागदावर तीन ओळी लिहून मिळाल्या: भरपूर पाणी प्या, टोमॅटो-पालक बंद, दूध-दही बंद. काढलेला खडा कशाचा होता याची तपासणी झाली नव्हती. खडा एका छोट्या डबीत घालून अण्णांना दिला होता. ती डबी पुढे घर रंगवताना कुठेतरी गेली.

त्या कागदावरच्या तीन ओळी अण्णांनी आपल्या परीने पाळल्या. टोमॅटो सोडला, दूध सोडलं, दही सोडलं. पाणी मात्र तेवढंच राहिलं. ते तसं का राहिलं, हे मला समजायला बरेच दिवस लागले.

अडचण

मे महिन्यातल्या एका पहाटे साडेतीनला रात्रपाळीवर असताना उजव्या कुशीतून कळ सुरू झाली आणि जांघेपर्यंत उतरली. दोन वेळा उलटी झाली. शेजारच्या मागावरच्या सहकाऱ्याने माग बंद करून त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं. मुतखड्याची कळ ज्याने एकदा भोगली आहे त्याला काय झालंय ते विचारावं लागत नाही. अण्णा दारातच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तोच आहे. या वेळी दुसऱ्या बाजूला."

सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी, साडेपाच मिलिमीटरचा खडा अडकलेला दिसला. उजव्या किडनीला थोडी सूज होती. डाव्या किडनीच्या तळाशी ४ मिलिमीटरचा आणखी एक खडा निवांत बसून होता. ताप नव्हता, लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, १.३ आलं, म्हणजे थोडं वर. चौकशी केली तेव्हा कळलं की पाठ भरून येते म्हणून अण्णा महिन्यातून दहा-बारा वेळा औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेत होते, तेही घामाघूम होऊन कोरड्या पडलेल्या शरीरावर. हे किडनीला भारी पडतं.

तीन वर्षांत दोन्ही बाजूंना मिळून तीन खडे. पहिला खडा काढून टाकल्यावर पुढे काहीच बदललं नाही, तर साधारण निम्म्या लोकांना पाच ते दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. अण्णा त्या निम्म्यांत होते. त्यामुळे माझ्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते: आत्ताच्या खड्याचं काय करायचं, आणि पुढचा खडा होऊ नये म्हणून काय करायचं.

आत्ताच्या खड्यासाठी कोणते पर्याय होते

अण्णांना लगेच शस्त्रक्रिया हवी होती. त्यांचं गणित सरळ होतं: कळ कधी उठेल याचा नेम नाही, तर अधूनमधून बुडणाऱ्या पाळ्यांपेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ द्या. ही घाई मला समजत होती. पण ५ मिलिमीटरपर्यंतचे दर तीनपैकी दोन खडे आपोआप पडतात, ५ ते १० मिलिमीटरचे जवळपास निम्मे पडतात, आणि हा खडा तर मुक्कामाच्या एक पाऊल अलीकडे येऊन थांबला होता. ताप आला असता, उलट्या थांबल्या नसत्या, लघवी बंद झाली असती किंवा एकच किडनी काम करत असती, तर वाट पाहण्याचा विषयच नव्हता. तसं काही नव्हतं.

म्हणून युरॉलॉजिस्टशी, म्हणजे मूत्रविकारांच्या सर्जनशी, फोनवर बोलून चार आठवड्यांची मुदत ठरवली. रात्री टॅम्सुलोसिनची एक गोळी, जिने मूत्रवाहिनीचं खालचं तोंड सैल पडतं. वेदनेसाठी मोजकी औषधं, दुकानातून परस्पर काही आणायचं नाही. थंडी वाजून ताप आला तर वेळ न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं, हे त्यांच्या पत्नीला दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला तर जीव जाऊ शकतो. ही गोष्ट लोकांना कमी माहीत असते.

आणखी एक गोष्ट सांगावी लागली. कळ चालू असताना लोक खडा ढकलायला म्हणून तीन-चार लिटर पाणी एकदम रिचवतात. त्याने खडा पुढे सरकत नाही. तुंबलेल्या किडनीवर ताण वाढतो आणि उलटी मात्र होते. पाण्याचं काम कळ उतरल्यावरचं, पुढच्या वर्षांचं आहे.

लघवी गाळून बघायची होती. त्यासाठी मलमलीचा तुकडा अण्णांनीच आणला. अकराव्या दिवशी सकाळी त्यात तपकिरी, खरबरीत खडा सापडला. या वेळी तो डबीत न राहता थेट प्रयोगशाळेत गेला. अहवाल: मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट, थोडं युरिक ॲसिड.

पुढच्या खड्यासाठी काय तपासलं, आणि माझी चूक

मुतखडा कसा धरतो हे मी पेशंटना खडीसाखरेवरून सांगतो. साखरेचा पाक दाट असला की सोडलेल्या दोऱ्यावर खडे धरतात. पाक पातळ असला की दोरा आठवडाभर ठेवला तरी कोरा राहतो. लघवीचंही तसंच. त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट (काही पालेभाज्या, दाण्यांतून येणारं द्रव्य), युरिक ॲसिड विरघळलेलं असतं. पाणी कमी पडलं की पाक दाट होतो. मीठ जास्त खाल्लं की किडनी सोडियमबरोबर कॅल्शियमही जास्त सोडते. सायट्रेट हा घटक कॅल्शियमला धरून ठेवतो आणि खडा धरू देत नाही. मांसाहार खूप आणि फळं-भाज्या कमी असल्या की तो घटतो. लघवी आम्लधर्मी झाली की युरिक ॲसिडचे कण पडतात. वजन वाढलेल्या आणि मधुमेह असलेल्या लोकांत हे जास्त दिसतं.

यातलं अण्णांच्या बाबतीत नेमकं काय बिघडलं आहे, हे बघायला २४ तासांची लघवी साठवून तपासायची असते. ही तपासणी महाग आहे, दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. आणि पाच लिटरचा कॅन दिवसभर जवळ बाळगावा लागतो. अण्णांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी केली तर चालेल का? मी चालेल म्हणालो.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खंत आहे ती त्या उत्तराची. सुट्टीच्या दिवशीची लघवी भरली १८०० मिलिलिटर. हवी त्यापेक्षा कमी, पण फार वाईट नाही. ऑक्झलेट ४४ मिलिग्रॅम, काठावर. सोडियम २१५ मिलिमोल, म्हणजे जवळपास साडेबारा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे. मी अहवाल हातात घेऊन बराच वेळ मिठावर आणि भाज्यांवर बोललो आणि पाण्याबद्दल "ठीक चाललंय, अजून थोडं वाढवा" एवढंच म्हणालो.

सोबत पत्नी बसल्या होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "साहेब, सुट्टीचं बघून काय उपयोग? सुट्टीला ते घरी असतात. कारखान्यात पाणीच पीत नाहीत. प्यायलं तर जावं लागतंय ना."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. कारखान्यात एकच संडास, अंगणाच्या पलीकडे. दाराला कडी नाही. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत होतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिथे बादलीही कोरडी असायची. जायचं तर दोन्ही माग शेजाऱ्याच्या भरवशावर सोडायचे. त्यात धागा तुटला तर टॉवेल डागी निघतो आणि मजुरी कापली जाते. प्यायला बोअरचं पाणी, मचूळ, घशाखाली न उतरणारं. आणि तोंडात तंबाखूची गोळी. गोळी असेपर्यंत पाणी पिता येत नाही, आणि ती थुंकून थोड्याच वेळात दुसरी लागते. बारा तासांत अण्णा दोन पेले पाणी आणि पाच-सहा अर्धे कप चहा पीत होते. तीन वर्षांपूर्वी "भरपूर पाणी प्या" असं ज्यांनी लिहिलं त्यांनी यातलं काही विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना एक सोपी गोष्ट करायला सांगितली. कारखान्यात सूत तोलायचा काटा असतो. पाळी सुरू होताना आणि संपताना त्यावर उभं राहून वजन लिहून आणायचं. सकाळी ७४.२, संध्याकाळी ७२.६. मध्ये जेवण आणि चहा होऊनसुद्धा दीड किलोच्या वर वजन घटलं होतं. एवढं घामात गेल्यावर किडनीने लघवी कशाची करायची?

मग दुसरी तपासणी कामाच्या दिवशी केली. कॅन बॅगेत लपवून कारखान्यात नेला. लघवी भरली ८५० मिलिलिटर. ऑक्झलेट ४९, सायट्रेट २१० मिलिग्रॅम. ते किमान ३२० च्या वर हवं. सोडियम १९०, तेही घामात मीठ जाऊन उरलेलं. लघवी आम्लधर्मी, पीएच ५.४ (हा आकडा जितका कमी तितका आम्लपणा जास्त). कॅल्शियम मात्र मर्यादेत होतं. एकाच माणसाचे हे दोन अहवाल शेजारी ठेवले तर ते दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

काय करता आलं असतं, आणि काय ठरवलं

पहिला प्रश्न दूध-दह्याचा होता. खडा कॅल्शियमचा, तर कॅल्शियम बंद, हे ऐकायला पटतं; वर्षानुवर्षं डॉक्टरही तेच सांगत आले. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे घेऊन जातं. ते बंद केलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. इटलीत पार्मा इथल्या डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षं पाहिलं. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले: कमी कॅल्शियमच्या आहारावर ठेवलेल्यांत ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीएवढं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांत २० टक्क्यांना. अण्णांचं ऑक्झलेट चढण्यामागे तीन वर्षं बंद असलेलं दही असणार, असा माझा अंदाज होता. दही पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि ते जेवणाबरोबरच. रात्री झोपताना वेगळं घेतलेलं दूध या कामाचं नाही, कारण ऑक्झलेट पोटात येतं तेव्हाच कॅल्शियम तिथे हजर असावं लागतं.

मग शेंगा चटणी. सोलापूरकराला शेंगा चटणी बंद करा म्हणणं माझ्याने होत नाही, आणि तशी गरजही नव्हती. शेंगदाण्यात ऑक्झलेट असतं, पण पालक, राजगिऱ्याची पालेभाजी, चाकवत, अळू यांच्या मानाने बरंच कमी. अण्णांच्या डब्यात मात्र चटणी मूठभर असायची, कडक भाकरीबरोबर तीच भाजी. आणि विकतच्या चटणीत मीठ सढळ असतं. म्हणून ठरलं: चटणी घरी कुटायची, मीठ निम्मं, दोन चमचे, आणि वर दही. आपल्याकडे चटणीवर दही घालून खायची रीत जुनीच आहे. अण्णांच्या घरी ती कागदावरच्या त्या तीन ओळींमुळे मोडली होती. टोमॅटो परत आला, त्यात ऑक्झलेट फारच कमी असतं. पालक-चाकवत महिन्यातून एखाद्या वेळी, तेही ताकातलं. लोणचं, पापड आणि पाळीवर येताना आणलेले खारे शेंगदाणे मात्र मी आग्रहाने बंद करायला लावले. मटण आठवड्यातून तीनदा होतं, ते एकदाच.

घामात मीठ जातं, मग लिंबूपाण्यात मीठ घालू का, असं पत्नींनी विचारलं. प्रश्न योग्य होता. उन्हात राबणाऱ्या माणसाला सरसकट मीठ तोडायला सांगणं धोक्याचं आहे. पण घामात जाऊनही लघवीत अकरा ग्रॅम मिठाइतकं सोडियम उतरत होतं, त्यामुळे वरून घालायची गरज नव्हती. लिंबूपाणी बिनमिठाचं, साखर अगदी थोडी.

सासूबाईंनी हुलग्याचं माडगं सुरू केलं होतं. हुलग्याने खडा विरघळतो असं घरात सगळ्यांचं ठाम मत. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कशानेच विरघळत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पण पातळ, गरम, पोटभरीचं माडगं रात्रपाळीच्या आधी कोणी पीत असेल तर मी का अडवू? मीठ बेताने घाला एवढंच म्हणालो. कोणीतरी दिलेली बिननावाची पूड मात्र बंद करायला लावली. तिच्यात काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. बिअरचा सल्लाही सहकाऱ्यांनी दिला होता. दारूने युरिक ॲसिड वाढतं आणि शरीर कोरडं पडतं, हे सांगितल्यावर तो विषय संपला.

बोअरच्या जड पाण्याबद्दल अण्णांना खात्री होती की सगळं त्यानेच झालं. जड पाण्यातल्या क्षारांनी खडे होतात असं ठामपणे दिसून आलेलं नाही. त्या पाण्याचा खरा तोटा असा की चव वाईट म्हणून माणूस पाणीच पीत नाही. घरच्या नळाचं उजनी धरणाचं पाणी गाळून, उकळून न्यायचं ठरलं.

राहिला सगळ्यात अवघड भाग: कारखान्यातलं पाणी आणि संडास. इथे तीन वाटा होत्या. अण्णांनी काम बदलावं. वीस वर्षांचं कसब सोडून ते कुठे जाणार? मी मालकांशी बोलावं. पण "आजारी माणूस" अशी नोंद झाली तर माग जाईल, ही अण्णांची भीती खरी होती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम १८ पिण्याच्या पाण्याचं आणि कलम १९ संडास-मुतारीचं होतं, पण कामगारसंख्या कमी असलेले छोटे कारखाने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहायचे. तिसरी वाट अण्णांनीच काढली. त्यांनी चौघा सहकाऱ्यांशी बोलणं केलं. त्या चौघांतल्या एकाला पूर्वी खडा झालेला निघाला. मी एका कागदावर कोणाचंही नाव न घालता, उन्हाळ्यात माग कामगारांना किती पाणी लागतं आणि मुतारी का लागते, हे दहा ओळींत लिहून सही करून दिलं. तो कागद पाच जण मिळून मालकांकडे घेऊन गेले. एकट्या अण्णांचा आजार त्यात कुठेच आला नाही.

अंमलबजावणी

मालकांनी दाराला कडी लावली आणि दोनशे लिटरचं एक पिंप संडासाजवळ ठेवलं. नवी मुतारी झाली नाही. शेजारच्या माणसाने दर दोन तासांनी पाच मिनिटं दुसऱ्याचे माग बघायचे, अशी आळीपाळी कामगारांनी आपसांत ठरवली. माझ्या मते या पाच मिनिटांनी माझ्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त काम केलं.

अण्णांनी एक-एक लिटरच्या तीन बाटल्या न्यायला सुरुवात केली. पहिली सकाळी दहापर्यंत, दुसरी दीडपर्यंत, तिसरी पाचपर्यंत. "तहान लागेल तसं प्या" असं मी सांगितलं नाही. मागाच्या खटखटाटात, घामात, तोंडात तंबाखू असताना तहान कळतच नाही. घरी आल्यावर दोन पेले, झोपताना एक, आणि रात्री लघवीला उठले तर पुन्हा एक. खूण एकच दिली: लघवी गव्हाच्या पेंढीच्या रंगाहून गडद दिसली की बाटली मागे पडली आहे. आकडा हवा होता अडीच लिटर लघवीचा. पार्माच्याच डॉक्टरांनी १९९६ साली दाखवून दिलं होतं की पहिल्या खड्यानंतर दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी राखणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर न राखणाऱ्यांत २७ टक्क्यांना.

सायट्रेटसाठी दिवसाला दोन-तीन लिंबं ठरली होती. ते जून संपेपर्यंतही टिकलं नाही. उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढतो, आणि घरात आणखी चार तोंडं असताना बापाने एकट्याने तीन लिंबं पिळून प्यावीत हे त्या घरात होणारं नव्हतं. एक लिंबू राहिलं.

परिणाम

तीन महिन्यांनी कामाच्या दिवशीच पुन्हा तपासणी केली. लघवी १७०० मिलिलिटर, ऑक्झलेट ३६, सोडियम १४५, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम मीठ. क्रिएटिनिन १.० वर आलं. सायट्रेट २६०, अजून कमीच. पोटॅशियम सायट्रेटचं औषध सुरू केलं. दीड महिन्याने अण्णांनी ते मला न सांगता बंद केलं, कारण उपाशीपोटी घेतल्यावर छातीत जळजळ होत होती. जेवणावर आणि भरपूर पाण्यातून घ्यायचं, हे मी लिहून दिलं होतं, पण समजावून सांगितलं नव्हतं. नीट सुरू झाल्यावर नवव्या महिन्यात सायट्रेट ३९० झालं, लघवीचा पीएच ६.३ पर्यंत चढला, म्हणजे आम्लपणा उतरला. मधूनमधून रक्तातलं पोटॅशियम तपासत राहिलो.

चौदाव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडचा ४ मिलिमीटरचा खडा आहे तिथेच, आहे तेवढाच. कळ पुन्हा उठली नाही. एवढ्या काळात कळ नाही म्हणजे आजार गेला असं मी म्हणणार नाही. पाच वर्षं गेल्यावर बोलता येईल. पाठीसाठी डायक्लोफेनॅक घेणं थांबलं आहे. तंबाखू सुटलेली नाही. पाण्याची बाटली उघडण्याआधी गोळी थुंकायची, एवढ्यावर सध्या थांबलो आहोत.

मीठ आठ ग्रॅमच्या खाली येत नाही. घरात पाच जणांचं जेवण एकत्र होतं, आणि निम्म्या मिठाची आमटी सासूबाईंना चालत नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्याच भेटीत मी विचारेन: कामावर पाणी कुठून येतं, लघवीला कुठे जाता, आणि जायला किती वेळा मिळतं? मी "पाणी किती पिता?" असं विचारलं होतं आणि अण्णांनी मला आवडेल असं उत्तर दिलं होतं.

२४ तासांची लघवी कामाच्या दिवसाचीच तपासेन. एकदाच पैसे भरण्याची ऐपत असेल तर नक्कीच. सुट्टीच्या दिवसाच्या त्या अहवालाने माझी दिशाभूल केली आणि अण्णांची दोन दिवसांची मजुरी वाया घालवली.

पहिला खडा तीन वर्षांपूर्वीच तपासला गेला असता आणि दही बंद झालं नसतं, तर दुसरा टळला असता का, हे सांगता येणार नाही. पण शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने एकदा तरी बोलावून घेऊन आहारावर बसून बोलणं व्हायला हवं होतं. खडा काढणाऱ्याचं काम तिथे संपतं आणि आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरचं सुरू होतं. मधल्या काळात पेशंट कोणाचाच नसतो. आता मी शस्त्रक्रिया होऊन आलेल्या प्रत्येकाकडे खडा मागतो.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती. अण्णांच्या पत्नीला वर्षातून तीन-चारदा लघवीची जळजळ व्हायची आणि त्या दुकानातून गोळी आणून घ्यायच्या. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणून त्याही सकाळपासून दुपारपर्यंत मांडी मोडत नाहीत, पाणीही पीत नाहीत. अण्णांचा अख्खा आजार त्यांच्यामुळे उलगडला, आणि वर्षभर त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून होत्या, पण मी त्यांना एकदाही काही विचारलं नाही. मागच्या महिन्यात त्यांची लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी केली. खडा नाही, संसर्गाचे उपचार चालू आहेत, आणि शंभर विड्यांच्या दर जुडग्यानंतर उठायचं असं त्यांनी ठरवलं आहे.

गेल्या आठवड्यात अण्णा न सांगता कॅन घेऊन आले. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: रात्रपाळी. दिवसपाळीला बाटल्या संपतात, पण रात्री दोननंतर पाणी नको वाटतं, आणि अंधारात अंगण ओलांडून जायला नको वाटतं, म्हणून त्यांना स्वतःलाच शंका आली होती. कॅनमध्ये ११५० मिलिलिटर भरली. अंगणात दिवा लावायचं मालकांना सांगायला पाचही जण परवा जाणार आहेत.